नानांच्या खोलीतली ओल

वरच्या मजल्यावरचं कुटुंब बाहेरगावी गेलेलं असताना त्यांच्या न्हाणीघरातला पाइप फुटला आणि सगळं पाणी खालच्या घरात, नानांच्या खोलीत उतरलं. नाना रात्री कानातलं यंत्र काढून झोपायचे, त्यामुळे भिंतीवरून पाणी ओघळतंय, जमिनीवर टपटपतंय, यातलं त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सकाळी त्यांनी पलंगावरून पाय खाली सोडले ते थेट घोट्याएवढ्या पाण्यात. सुनेला हाक मारून त्यांनी शांतपणे विचारलं, "सूनबाई, आपण नदीकाठी कधी राहायला आलो?"

नानांच्या मुलाचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. सगळी गल्ली त्याला चष्मेवाला म्हणायची. पन्नाशीला टेकलेला, कपड्यांत आणि बोलण्यात नीटनेटका, मोठा हजरजबाबी माणूस. दुकानात आलेलं गिऱ्हाईक हसल्याशिवाय बाहेर पडत नसे. घरी येईपर्यंत मात्र त्याचा बोलण्याचा साठा संपलेला असायचा. बायको पूर्वी दुकानात त्याच्याबरोबर काउंटर सांभाळायची. पुढे मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण आलं, त्या गेल्यावर नाना एकटे पडले, असं करता करता ती घरातच राहिली. आता मुलगीही शिकायला दूर गेली होती. घरात बोलणं असं फार उरलं नव्हतं, पण भांडणही नव्हतं, आणि चष्मेवाल्याच्या मते याचा अर्थ सगळं छान चाललं होतं.

नानांच्या खोलीतली जमीन लाकडी होती. घर घेतलं त्या वर्षी नानांनी स्वतः एकेक फळी बसवली होती. ते कचेरीतले कारकून, सुतारकामाशी त्यांचा काही संबंध नव्हता. सासूबाई खिळे हातात द्यायच्या आणि नाना ठोकायचे. फळ्या तशा जरा वाकड्याच बसल्या होत्या, पण त्या खोलीत पाहुण्यांनासुद्धा बूट घालून यायची परवानगी नव्हती.

वरच्या घरवाल्यांनी ओशाळून बाहेरगावाहूनच लगेच ओल काढणाऱ्या एका कंपनीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी तिथला माणूस आला. बुटका, पोट सुटलेला, टकलाभोवती केसांची झालर. चष्म्याची एक दांडी तारेने बांधलेली. चष्मेवाल्याच्या नजरेत आधी ती तार भरली. माणसाने हवेतलं पाणी ओढून घेणारं एक जाडजूड यंत्र आणि जमिनीलगत वारा सोडणारे दोन बुटके पंखे खोलीत ठेवले, दोन सुया असलेलं ओल मोजायचं मीटर भिंतीला आणि फळ्यांना टोचून पाहिलं आणि सांगितलं, की वेळ लागेल, मी अधूनमधून येऊन बघत जाईन. नानांचा पलंग बाहेरच्या खोलीत हलवला. यंत्राची घरघर सुरू झाली तसं नानांनी कानातलं काढून खिशात टाकलं आणि ते एकदम खूश दिसायला लागले.

त्या संध्याकाळी चष्मेवाला म्हणाला, "काय, आज सुकवणे येऊन गेले म्हणे."

बायको हसली. अगदी खळखळून हसली. आपला विनोद घरातही चालतो हे पाहून त्याला बरं वाटलं. तेव्हापासून त्या माणसाचं नाव सुकवणे पडलं. पुढच्या खेपेला बायकोने ते त्यालाच सांगून टाकलं, आणि त्याला ते इतकं आवडलं की तो फोनवरसुद्धा "सुकवणे बोलतोय" असं म्हणायला लागला. आपण टिंगलीसाठी दिलेलं नाव तो माणूस सदऱ्यासारखं अंगात घालून फिरतोय, याचा चष्मेवाल्याला जरा रागच आला.

खरी सुरुवात बिस्किटापासून झाली. एके दिवशी जेवताना बायको सांगायला लागली, की सुकवण्यांनी आज बिस्कीट चहात बुडवून दाखवलं. टोक बुडवलं तर चहा बुडवलेल्या रेषेच्याही वर चढतो, तसंच पाणी भिंतीतल्या बारीक बारीक वाटांनी वर चढतं, आणि बाहेर पडतानाही त्याच वाटांनी पडतं. सुरुवातीला भिंतीच्या तोंडाशी भरपूर पाणी असतं, तोवर पंख्याचा उपयोग, जितका वारा जास्त तितकं ते पटापट उडून जातं. पण ते संपलं की मग पंखा कितीही जोरात फिरवा, आतलं पाणी आपल्या चालीनेच बाहेर येणार. तेव्हा घाई करून चालत नाही.

"एका बिस्किटावरून एवढं?" चष्मेवाला म्हणाला.

"तीन बिस्किटं लागली," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. या वेळी ते हसू त्याच्या विनोदावर नव्हतं.

इतकी वर्षं ही बाई जेवताना 'भाजी वाढू का' याच्यापलीकडे क्वचित काही बोलायची. आता ती हातातला घास तसाच धरून भिंतीतल्या वाटांबद्दल बोलत होती. चष्मेवाल्याने मान डोलावली. 

मग स्वयंपाकघराच्या खिडकीत वस्तू दिसायला लागल्या. एक विटेचा तुकडा, एक लाकडाचा ठोकळा, धुतलेला स्पंज, बटाट्याचे दोन काप. बायको त्या सगळ्यांना पाण्यात भिजवायची आणि मग सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांची वजनं करायची. वीट आधी भराभर हलकी झाली आणि मग अडून बसली, असं ती नानांना ओरडून सांगायची, कारण नानांच्या कानातलं यंत्र खिशातच असे. कुंडीतली चिकणमाती मळून तिने दोन सारख्या चकत्या केल्या. एक सावलीत ठेवली, एक शेगडीजवळ. शेगडीजवळची वरून लवकर वाळली आणि मधोमध तडकली. सावलीतली सावकाश वाळली, पण सबंध राहिली. त्या चकत्या तिने राखून ठेवल्या. सुकवणे आला की त्याला दाखवायला.

चष्मेवाल्याला त्या चकत्या बघवेनात. नवऱ्यालाही तिने त्या दाखवल्या होत्या, तेही कौतुकाने, पण हे तो सोयीस्कर विसरला.

तो दुपारी काहीतरी निमित्त काढून घरी यायला लागला. कधी चाव्या विसरल्या, कधी डोकं दुखतंय. सिंकमध्ये दोन कप दिसले की तो ते उचलून बघे, तिसरा नानांचा कुठे आहे म्हणून. एकदा तो दारातून आत आला तेव्हा बायको आणि सुकवणे नानांच्या खोलीत जमिनीवर ओणवे होऊन एका फळीकडे बघत होते, आणि बायको विचारत होती की पाणी लाकडात आडवं लवकर जातं की उभं. सुकवणे म्हणाला, उभं, म्हणजे ज्या दिशेला झाड वाढतं त्या दिशेला, म्हणून फळीची टोकं आधी सुकतात. "हे तुम्ही बरोबर हेरलंत," असंही तो म्हणाला.

चष्मेवाल्याचे कान टवकारले ते त्या 'तुम्ही'वर. पूर्वी हा माणूस दर वाक्याला 'वहिनी' म्हणायचा. वहिनी, पाणी देता का. वहिनी, खिडकी बंद ठेवा. ते 'वहिनी' आता गळून पडलं होतं. कधी गळलं, हे त्याला आठवेना.

डोळ्यांचा धंदा असल्यामुळे त्याला एक गोष्ट माहीत होती, की आवडीचं काही समोर आलं की माणसाची बाहुली मोठी होते. रात्री जेवताना तो मुद्दाम सुकवण्याचा विषय काढायचा आणि बायकोच्या डोळ्यांत रोखून बघायचा. बाहुल्या मोठ्या दिसायच्या. टेबलावरचा दिवा मंद होता, त्या उजेडात अगदी म्हाताऱ्याच्याही बाहुल्या जरा मोठ्याच दिसल्या असत्या, हे त्याला धंद्यामुळेच पुरेपूर ठाऊक होतं. तरीसुद्धा तो ताट अर्धं टाकून उठायला लागला.

"काय बघताय? माझ्या डोळ्यात काही गेलंय का?" तिने एकदा विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बोल तू. भिंतीचं सांगत होतीस."

दुकानातही त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. एका शाळामास्तरांच्या चष्म्यात त्याने भिंगांचे मध्य चुकवून बसवले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मास्तर डोकं धरून परत आले आणि म्हणाले, की या चष्म्यातून मला वर्गात दुप्पट पोरं दिसतात, जी आहेत तीच मला झेपत नाहीत. सगळं दुकान हसलं. नेहमी दुसऱ्यांना हसवणारा चष्मेवाला काउंटरखाली काहीतरी शोधत राहिला.

आणि मग तो दिवस उजाडला. बायको दुकानात आली, कितीतरी महिन्यांनी, आणि तिने रुमालात गुंडाळलेला एक चष्मा काउंटरवर ठेवला. दांडीला तार.

"सुकवण्यांचा आहे. ते बिचारे संकोचाने बोलत नाहीत. तेवढी दांडी बसवून द्या ना."

तिने 'बिचारे' म्हटलं होतं. ती गेल्यावर चष्मेवाल्याने तो चष्मा हातात घेतला. काचांवर बारीक चरे होते, कडेला पांढरट धूळ. त्याने तो डोळ्यांवर चढवून पाहिला. नंबर जुना, कमी पडणारा, कारण लांबचं बघताना तो माणूस डोळे बारीक करतो हे त्याने आधीच हेरलं होतं. म्हणजे या माणसाला दोन हातांपलीकडचं सगळं धूसरच दिसत असणार. हे कळल्यावर त्याला इतकं बरं वाटलं, की तो खुर्चीत टेकून बसला. त्याला वाटलं, दांडी अशी बसवावी की चष्मा कायम एका अंगाला कलता राहील. हात मात्र ऐकेनात. हातांनी स्क्रू काढला, नवा बसवला, नाकावरच्या गाद्या बदलल्या, काचा पुसल्या आणि आरशासारखा लख्ख चष्मा तयार झाला. संध्याकाळी तो बायकोच्या हातात देताना त्याच्या मनात आलं, झालं, आता त्या गृहस्थाला ही आणखी स्वच्छ दिसणार.

पुढच्या आठवड्यात यंत्राच्या कोरड्या हवेने नानांना खोकला धरला, म्हणून बायको त्यांना घेऊन थोडे दिवस नणंदेकडे राहायला गेली. जाताना तिने बजावलं, की नानांच्या खोलीतल्या यंत्राला हात लावू नका, ते आपोआप चालतंय.

चष्मेवाला एकटाच घरात राहिला. सकाळी चहा घेता घेता तो नानांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. ती घरघर ऐकता ऐकता त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही ओल संपत का नाही? ही भिंत मुद्दाम संपू देत नाही, की आणखी कोणी? हा माणूस महिनोन्‌महिने येतच राहणार. तो ओल काढायला येतो की ओल जपायला येतो, कोण सांगणार?

त्याने दुकानातला मोठा हीटर उचलून आणला, शेजाऱ्याकडून आणखी एक मागून घेतला, यंत्र बंद केलं, खिडक्या घट्ट लावल्या आणि दोन्ही हीटर भिंतीकडे आणि फळ्यांकडे तोंड करून पूर्ण जोरात सोडले. दुकानातून मधेमधे येऊन तो बघून जायचा. खोलीत शिरलं की भट्टीत शिरल्यासारखं वाटे. भिंतीला हात लावला तर खडखडीत. फळ्यांचा रंग फिकट पडला. त्याला इतकं समाधान वाटलं की तो शीळ घालत दुकानात गेला.

सुकवणे यायच्या दिवशी त्याने हीटर हलवले, खिडक्या उघडून खोली थंड केली आणि यंत्र पुन्हा सुरू करून ठेवलं. सुकवणे नवीन दांडीचा चष्मा घालून आला. त्याने आधी चष्म्याचे आभार मानले. मग मीटरच्या सुया भिंतीला टोचल्या, फळ्यांना टोचल्या, आकड्याकडे बघत राहिला आणि पुन्हा टोचल्या.

"कोरडं दाखवतंय," तो म्हणाला. खूश झाल्यासारखा मात्र दिसला नाही.

"मग झालं तर," चष्मेवाला म्हणाला. "सामान उचला आता."

सुकवण्याने भिंतीवर तळहात ठेवला. हे वरवरचं आहे, असं तो जपून बोलला. भिंतीत आणि फळ्यांत बारीक भोकं पाडून लांब सुया आत घालून बघायला हव्यात, आतलं काय म्हणतंय ते तेव्हाच कळेल.

"माझ्या वडिलांनी हाताने बसवलेल्या फळ्या आहेत या. भोकं पाडायची नाहीत."

सुकवण्याने त्याच्या रोखलेल्या नजरेकडे पाहिलं. मग तो वायरी गुंडाळायला बसला. यंत्र दारापर्यंत ढकलत नेल्यावर त्याने वळून विचारलं, "वहिनी नाहीत का घरी?"

तेवढ्या एका प्रश्नाने चष्मेवाल्याच्या मनात आपल्या संशयाबद्दल उरलीसुरली शंकाही धुऊन निघाली. त्याने दार लावून घेतलं.

बायको आणि नाना परत आले तेव्हा खोली शांत होती, पलंग जागेवर होता, चादरसुद्धा नवी घातलेली होती. चष्मेवाल्याने सांगितलं, की काम झालं, सुकवणे सगळं घेऊन गेला.

"इतक्यात?" ती म्हणाली. तिचा चेहरा पडला. तो पडताना चष्मेवाल्याने नीट पाहिला, अगदी गिऱ्हाइकाला तपासावं तसा, आणि आपण हीटर लावले तेच बरोबर केलं अशी त्याची खात्री पटली. तिने भिंतीला हात लावून पाहिला, वाकून फळ्यांना लावून पाहिला. खिडकीतला विटेचा तुकडा आणि मातीच्या चकत्या तिने आवरल्या नाहीत.

थोडे दिवस बरे गेले. मग खोलीत शिळा, कोंदट वास यायला लागला. भिंतीच्या खालच्या भागात पांढरी भुकटी फुटली, पुसली की पुन्हा यायची. फळ्यांच्या कडा हळूहळू वर उचलल्या गेल्या, बोटाने चाचपलं तर प्रत्येक फळी मधे खोलगट लागायची. आणि एका दुपारी, नाना खुर्चीत बसलेले असताना, त्यांच्या पायाखालची लांब फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली. आवाज त्यांना ऐकू आला नाही. तळव्यांना कळला. ते खाली बसले आणि त्या चिरेवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले. ही दारापासूनची फळी सगळ्यात पहिली बसवली, तेव्हा हातोडा तुझ्या सासूकडे होता आणि तिने तो माझ्या हातावर मारला होता, असं ते सुनेला म्हणाले. तक्रारीने नाही. फक्त सांगितलं.

चष्मेवाला दुकानातून आला तेव्हा बायको त्या फळीपाशी बसली होती. तिने वर पाहिलं.

"तुम्ही इथे हीटर लावले होते."

फळ्या वाकायला लागल्यापासून तो खोटं बोलायची तयारी करून होता. कुठल्या कुठे गेली ती तयारी. "लावले होते," तो म्हणाला.

"वरून सुकवलंत. वरचं आवळलं, आतलं ओलंच राहिलं. मग फळी काय करणार? फुटणार. मी तुम्हाला मातीची चकती दाखवली होती."

"मला ते काही माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की तो माणूस इथे तास तास बसायचा. तू त्याच्याशी हसायचीस. इतकी वर्षं माझ्याशी नाही बोललीस तेवढं महिन्याभरात त्याच्याशी बोललीस."

ती हसेल किंवा रडेल, अशी त्याची कल्पना होती. ती चिडली. आवाज न चढवता चिडली.

"मी त्यांच्याकडून ऐकलेलं रोज रात्री तुम्हालाच सांगत होते. रोज. तुम्ही नुसते माझ्या डोळ्यांत बघत बसायचात. मला वाटायचं, ऐकताय."

त्याने दुकानाच्या चाव्या खिशात टाकल्या.

"तो मला आवडायचा का, हे विचारायचंय ना? तो माणूस भला आहे, बस. मला ते काम आवडलं. मला कळत होतं ते. मी विचारलेला प्रश्न बरोबर असायचा." तिने फळीवरची धूळ झटकली. "आता त्यांना तुम्ही जाऊन बोलवा. मी फोन करणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून चष्मेवाला सुकवण्याच्या गोदामात गेला. पत्र्याच्या छपराखाली ओले गालिचे टांगलेले होते, कोणाच्या तरी घरातली कपाटं दारं उघडी टाकून उभी होती, आणि सगळीकडे भिजलेल्या लोकरीचा वास. सुकवणे एका टेबलावर पसरलेल्या पुस्तकांची पानं सोडवत बसला होता. इथे तो आणखी बुटका दिसत होता. या माणसापायी आपण जेवण टाकलं, हे आठवून चष्मेवाल्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने हीटरचं सांगून टाकलं. का लावले तेही सांगितलं, निम्मं गिळत, पण सांगितलं.

सुकवणे पान उलटायचं थांबला. "हीटरचं मला तेव्हाच कळलं होतं, साहेब. भिंतीला हात लावल्याबरोबर. मी अडून बसायला हवं होतं. पण तुम्ही माझ्याकडे असे बघत होतात की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तेव्हा चूक माझीही आहे."

मग जरा घुटमळून तो म्हणाला, की आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला कोणीतरी सांगायला हवी. वहिनींनी त्याच्याकडे कामाचं विचारलं होतं. माणूस हवाच होता, शिकवायचीही तयारी होती. घरी बोलून घ्या, असं त्याने सुचवलं. "तर त्या म्हणाल्या, जरा थांबते. सध्या यांचं डोकं ठिकाणावर नाही."

घरी परतताना चष्मेवाला बराच लांबच्या रस्त्याने चालत गेला. दुसरा पुरुष असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. त्याला दारातून हाकलता आलं असतं, आणि एकदा हाकललाही होता. पण बायकोला एक काम आवडलं, तिला ते जमतं, आणि ज्या खोलीत ती ते शिकली ती आपल्याच घरातली असून आपण तिथे नव्हतो, याचं काय करायचं? या गोष्टीचा हेवा त्याला सुकवण्याच्या हेव्यापेक्षा जास्त झोंबला. त्याला ते काम हवं होतं असंही नव्हतं. हवं होतं ते तिचं घास हातात धरून बोलणं, आणि ते तर रोज त्याच्या पुढ्यात वाढलेलं होतं.

तो घरी आला. बायको भाजी चिरत होती.

"सुकवणे उद्या येतोय," तो म्हणाला. "आणि तू कामाचं विचारलं होतंस म्हणे."

"हो."

"जाणार आहेस?"

"जाणार आहे."

त्याला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मग नानांकडे कोण बघणार?"

बाहेरच्या खोलीतून नानांचा आवाज आला, "मला काय धाड भरलीय?" कानातलं यंत्र त्यांनी नेमकं त्याच दिवशी घातलं होतं.

या खेपेला घाई नव्हती. फळ्यांना भोकं पाडली, ती बायकोने पाडली, आणि लांब सुया आत सोडून आकडा तिनेच वाचला. चष्मेवाला दारात उभा होता. सुकवणे लांबून सूचना देत होता आणि पुन्हा पहिल्यासारखा दर वाक्याला वहिनी म्हणत होता, बहुधा चष्मेवाल्याकरता. आतली ओल सावकाश निघाली. भिंत भुकटी टाकायची थांबली. वाकलेल्या फळ्यांपैकी काही आपोआप बसल्या, काही शेवटपर्यंत बसल्या नाहीत. चिरलेली फळी काढून नवी घालायची का, असं नानांना विचारलं, तर ते नको म्हणाले. तिच्यावर त्यांनी खुर्ची ठेवली.

बायको कामाला जायला लागली. संध्याकाळी येऊन ती नानांना, आणि आता त्यालाही, सांगायची. कुठल्या घरात जिन्याखाली पाणी साचलं होतं, कुठल्या भिंतीत ते कसं दडून बसलं होतं. चष्मेवाला कान देऊन ऐकायचा, मधेमधे विचारायचाही, आणि त्याचे प्रश्न बहुतेक चुकीचे असायचे. हेवा गेला होता, असं नाही. ज्या लोकांच्या घरी ती दिवसभर असायची त्यांचा हेवा, तिने आज कोणाला काय समजावलं त्याचा हेवा, तिच्या मीटरचासुद्धा. जेवताना तो आता तिच्या डोळ्यांत बघायचा नाही. ताटाकडे बघत ऐकायचा. ती एकदा म्हणाली, की वर बघितलंत तरी चालेल.

एकदा दुपारी तो गिऱ्हाइकाचा चष्मा पोहोचवायला निघाला असताना एका तळमजल्याच्या घराच्या खिडकीतून त्याला ती दिसली. गुडघ्यांवर बसलेली, बाह्या वर सारलेल्या, एका बाईला भिंतीवरची कुठलीशी रेषा बोटाने दाखवत होती. काय बोलतेय ते काचेतून ऐकू येत नव्हतं. ती बाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि चष्मेवाल्याला त्या अनोळखी बाईचा असा काही हेवा वाटला, की तो फुटपाथवर खिळल्यासारखा उभा राहिला.

थोड्या वेळाने त्या बाईचं लक्ष गेलं. तिने खिडकी उघडून विचारलं, कोण हवंय.

"कोणी नाही," चष्मेवाला म्हणाला. "ती माझी बायको आहे."

बाईने त्याला आत यायला सांगितलं. बायकोने वळून पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तिचं वाक्य अर्धं राहिलं होतं. तो म्हणाला, नको, दुकान उघडं आहे, आणि हातातली चष्म्याची पुडी सांभाळत पुढे चालायला लागला.